कामाठीपुऱ्याशी बोललेले बॅरिस्टर

एप्रिल महिना आला की गावोगावच्या व्यासपीठांवरून बाबासाहेबांचे चरित्र सांगितले जाते. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, लंडन, महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी हा क्रम आता प्राथमिक शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. या क्रमात १६ जून १९३६ ही तारीख सहसा येत नाही. आली तरी घाईने येते आणि वक्ता पुढे सरकतो. त्या दिवशी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, आराधी, भुत्ये आणि पोतराज यांची सभा भरली होती. समोर बसलेल्यांत कामाठीपुऱ्यात देहविक्रय करणाऱ्या आपल्याच समाजातल्या स्त्रिया होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी बोलले, आणि जे बोलले ते गोड नव्हते. आम्ही वकिली करणारी माणसे. मानवी तस्करीच्या प्रश्नावर आम्हांला वरचेवर बोलावे लागते आणि दर वेळी ते भाषण आमच्या वाटेत येते. म्हणून आज बाबासाहेबांचे चरित्र आम्ही ही एक तारीख मधोमध ठेवून सांगणार आहोत.

त्या सभेतल्या स्त्रिया तिथवर कशा पोचल्या, हे आधी सांगितले पाहिजे. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली मुलगी ती मुरळी आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेली ती जोगतीण. लेकरू आजारी पडले, घरात मुलगा होत नाही, पोरीच्या केसांत जट आली, एवढे कारण पुरे होई. जट म्हणजे तेल-फणीवाचून गुंतून घट्ट झालेले केस. पण त्यात देवीचे बोलावणे दिसले की पोरीच्या गळ्यात मणी बांधले जात. एकदा ते मणी बांधले की तिचे लग्न माणसाशी होणार नाही, ती देवाची. प्रत्यक्षात ती गावातल्या जमीनवाल्याची आणि पैसेवाल्याची, आणि त्याचे मन भरले की मुंबई-पुण्याच्या दलालाची. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यातून कामाठीपुऱ्याकडे जाणारी ही वाट धर्मानेच आखून दिलेली होती. देव सगळ्या गावाचा, नवस सगळ्यांचे, आणि वाहायची पोर मात्र बहुतेक वेळा महारवाड्यातली किंवा मांगवाड्यातली! पाटलाच्या वाड्यावर जट कधी आलीच नसेल काय? आली असेल, पण तिथे ती तेल लावून सोडवली गेली असेल.

या प्रथेविरुद्ध बोलणारे बाबासाहेब पहिले नव्हेत आणि तसे भासवण्याची गरजही नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सोमवंशीय मित्र हे मासिक सुरू केले आणि मुरळ्यांचा प्रश्न त्यात लावून धरला. शिवूबाई नावाच्या एका मुरळीने त्या मासिकाला पत्र लिहून आपले दुःख मांडले आणि कांबळ्यांच्या चळवळीतले गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केले. व्याख्यान देणे सोपे असते, गणपतरावांनी केले ते अवघड होते. इकडे आमच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनाच्या गुलामीवर घाव घातला आणि १९२० साली जोगत्या-मुरळीच्या प्रथेविरुद्ध कायदा करून देवाला वाहिलेल्या स्त्रीचा वारसाहक्कही मान्य केला. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली. अध्यक्षस्थानी २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. महाराजांनी तिथे जमलेल्या लोकांना त्यांचा पुढारी दाखवून दिला, हे आपण सर्व जाणतोच.

पुढारी मुंबईच्या चाळीत राहत होता, हे मात्र आपण विसरतो. सुभेदार रामजींचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले ते गिरणगावात. पुढे परळच्या पोयबावाडीत इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी संसार केला, परदेशातून डॉक्टरेट घेऊन आल्यावरही. राजगृह बांधून होईपर्यंत हाच त्यांचा पत्ता होता. गिरणीची शिट्टी, नळावरची भांडणे, सावकाराचा तगादा आणि दारूचा गुत्ता हे त्यांनी समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले नव्हते. त्या वस्तीतल्या ओळखीपाळखीच्या घरांतली एखादी पोर कामाठीपुऱ्यात गेली म्हणजे काय होते, हे त्यांना अभ्यासावे लागले नसणार. १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे पाठवायला मोठे सॉलिसिटर तयार नव्हते. येणारे अशील गरीब असत. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचे कार्यालय दामोदर हॉलमध्येच थाटले गेले. १९३६ च्या सभेचे ठिकाण म्हणजे बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्याची जुनी ओसरीच होती.

त्यांच्या वकिलीतले दोन खटले इथे सांगायचे आहेत. १९२६ साली देशाचे दुश्मन या पुस्तकावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतले जेधे आणि जवळकर यांची बाजू अपिलात लढवली आणि जिंकली. हे चळवळीत सांगितले जाते. दुसरा खटला कमी सांगितला जातो. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी लैंगिक अडचणींबद्दल विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी उघड उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. कर्व्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सनातन्यांबरोबर स्वतःच्या प्रतिष्ठेलाही अंगावर घेणे होते. बाबासाहेबांनी ते घेतले आणि मुंबई हायकोर्टात हरले. हरलेला खटला सांगण्याचे कारण असे की, कामाठीपुऱ्याच्या भाषणावरून बाबासाहेबांना सोवळे नीतिवादी ठरवणारी मंडळी आज आहेत. दोन वर्षे आधी जो माणूस स्त्री-पुरुषांच्या लैंगिक प्रश्नांची उघड चर्चा व्हावी म्हणून कोर्टात उभा राहतो, त्याला शरीराचा विटाळ वाटत होता असे म्हणता येणार नाही. त्यांचा राग कशावर होता हे दुसरीकडे शोधावे लागते.

तो राग माणसाच्या विक्रीवर होता. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे काय? काही गुंठे जमीन आणि बलुत्याच्या चार पेंढ्या यांच्या बदल्यात एका अख्ख्या जातीचे श्रम, रात्र असो की दिवस, सरकारच्या आणि गावाच्या मालकीचे. आजच्या कायद्याच्या भाषेत याला वेठबिगार म्हणतात. महाराचे श्रम असे गावाच्या मालकीचे, आणि त्याची पोर देवाच्या नावाने गावाच्या मालकीची. या दोन गोष्टी आम्हांला कधी वेगळ्या वाटल्या नाहीत, बाबासाहेबांनाही वाटल्या नसाव्यात. १९२७ साली महाडला त्यांनी मृत जनावरांचे मांस सोडा, ढोरे ओढणे सोडा असे सांगितले. तेव्हा ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे वर्षाला किती रुपये बुडतील याचा हिशेब केसरीतून मांडला गेला. शिंगे, हाडे, कातडे, सगळ्याचा भाव लावून! बाबासाहेबांचे उत्तर असे होते की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, आम्हांला माणुसकी हवी आहे. पोट आणि इज्जत यांत त्यांनी कोणती बाजू धरली हे त्या उत्तरात आहे. कामाठीपुऱ्याच्या स्त्रियांना त्यांनी जे सांगितले ते याच जातीचे होते.

१९३५-३६ ही वर्षे बाबासाहेबांच्या आयुष्यात फार गर्दीची गेली. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. लगेच जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली आणि देशभरातले सर्व धर्मांचे पुढारी त्यांच्या दारी येऊ लागले. १९३६ च्या मे महिन्यात जातिसंहाराचा प्रबंध छापून निघाला. ३१ मे रोजी नायगावच्या महार परिषदेत मुक्तीचा मार्ग कोणता यावर त्यांनी सविस्तर भाषण केले. त्यानंतर पंधरवड्याने दामोदर हॉलची ही सभा. म्हणजे ज्या वक्त्यासमोर त्या स्त्रिया बसल्या होत्या तो लॉ कॉलेजचा प्राचार्य होता, हायकोर्टाचा बॅरिस्टर होता, आणि वर्षभरापूर्वी ज्याची बायको गेली तो घरातला एकटा माणूसही होता. सभेचा विषय धर्मांतराला पाठिंबा हा होता. स्त्रिया पाठिंबा द्यायला आल्या होत्या. दुसरा कोणी पुढारी असता तर टाळ्या घेऊन, आभार मानून घरी गेला असता.

बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की तुम्ही आमच्याबरोबर धर्म बदलता की नाही याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. आमच्याबरोबर यायचे असेल तर आधी हे लाजिरवाणे जिणे सोडले पाहिजे. कामाठीपुऱ्यातल्या महार स्त्रिया हा समाजाला कलंक आहे, असेही ते म्हणाले. मार्ग सोडणार नसाल तर आमचा तुमच्याशी संबंध राहणार नाही. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत, आहात तिथे राहून तिरस्कार सोसणे किंवा हा धंदा टाकून आमच्यात येणे. पोटाचे काय, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर मी देणार नाही, जगण्याच्या शेकडो वाटा आहेत. लग्न करा, इतर स्त्रियांसारखा संसार करा, आणि ज्या परिस्थितीत राहिल्याने या धंद्यात ओढले जाणे अटळ होते त्या परिस्थितीत राहू नका. भाषणाचा आशय हा एवढा. सौम्य करून सांगण्यासारखे त्यात काही नाही.

आमच्यातले काही वक्ते हे भाषण मोठ्या आवेशाने सांगतात आणि बोट स्त्रियांकडे दाखवतात. उलट बाजूला काही अभ्यासक भगिनी म्हणतात की बाबासाहेबांनी इथे पीडितेलाच दोष दिला. आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी आहोत, भक्त नाही. भक्तीचा तिटकारा त्यांनीच आम्हांला शिकवला. तेव्हा मोकळेपणाने सांगतो की कलंक हा शब्द ऐकून त्या हॉलमधल्या एखाद्या बाईची मान खाली गेली असेल आणि त्याचे आम्हांला वाईट वाटते. पण ते भाषण वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. त्यात कीव नाही. ख्रिस्ती मिशनपासून सुधारकांपर्यंत सगळे या स्त्रियांकडे उद्धाराची वस्तू म्हणून बघत होते. हा माणूस त्यांच्याशी निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसांसारखा बोलतो. नायगावला हजारो पुरुषांना जसे सांगितले की धर्म टाका, महाडला जसे सांगितले की ढोरे ओढणे टाका, तसेच इथे सांगितले की हा धंदा टाका. पोटाचा प्रश्न त्यांनी पुरुषांच्या बाबतीतही आडवा येऊ दिला नव्हता. फरक एवढाच की पुरुषाला ढोर टाकून गिरणीत जाता येत होते. वाहिलेल्या बाईला धंदा टाकून जायला घर नव्हते. लग्न करा हे सांगणे अर्धे बायकांना होते आणि अर्धे त्या हॉलमधल्या, त्या समाजातल्या पुरुषांना होते. गणपतराव गायकवाड किती निघाले, हा प्रश्न आमच्या आवेशपूर्ण वक्त्यांनी स्वतःला विचारावा.

आणि १३-१४ वर्षांच्या पोरीचे काय? तिला तर निर्णयच नसतो. तिला आईबापाने वाहिली, मामाने नेली, शेजारणीने नोकरी लावते म्हणून गाडीत बसवली. तिला धंदा सोड असे सांगून भागत नाही. तिला विकणाऱ्याला धरावे लागते. १९३६ च्या भाषणात हा विकणारा जवळजवळ नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यात तो पुढे येतो, कायद्यातून.

१९३४ सालीच मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला होता. त्याने मुलगी वाहणे बेकायदा ठरवले आणि वाहिलेल्या स्त्रीचे लग्न कायदेशीर मानले. पण तो प्रांतापुरता होता आणि यात्रा प्रांताची हद्द पाळत नाहीत. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात सक्तीचे श्रम आणि माणसाला गुलामगिरीत ठेवणे हा गुन्हा मानावा, असे कलम घातले. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत कन्हय्यालाल मुन्शींच्या मसुद्यातही माणसांच्या व्यापाराला बंदी होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. संविधान एकट्याने लिहिले गेले नाही आणि तसे सांगून बाबासाहेब मोठे होत नाहीत. मसुद्यात हे कलम १७ होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी त्यावर संविधान सभेत चर्चा झाली. धर्माच्या नावाने देवदासी म्हणून वाहण्याचा उल्लेख कलमातच करावा, अशी दुरुस्ती प्रा. के. टी. शहा यांनी मांडली. सभेने ती स्वीकारली नाही. मसुदा समितीचे व्यापक शब्दच कायम राहिले. आज ते कलम २३ आहे. माणसांचा अपव्यापार, बिगार आणि तशाच प्रकारची इतर सक्तीची मजुरी यांना बंदी, आणि या बंदीचा भंग हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा.

कलम २३ बद्दल आम्ही वकील मंडळी एक गोष्ट कधी सांगत नाही ती आज सांगतो. मूलभूत हक्कांची बहुतेक कलमे सरकारला बांधतात. सरकारने भेदभाव करू नये, सरकारने स्वातंत्र्य हिरावू नये. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि माणसांचा व्यापार थांबवणारे कलम २३ मात्र थेट माणसालाही बांधतात. गावच्या पाटलाला, सावकाराला, दलालाला, घरवालीला. या दोन्ही कलमांच्या भंगाला संविधान स्वतःच गुन्हा म्हणते. शिवाय कलम ३५ ने या गुन्ह्यांच्या शिक्षेचे कायदे करण्याचा अधिकार राज्यांकडे न ठेवता संसदेला दिला, म्हणजे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात पोर नेली की कायदा मागे राहायचा, ती सोय संपली. विटाळ आणि विक्री हे दोन्ही गुन्हे समाज करतो, राज्य नुसते बघत उभे असते, हे ज्याने भोगले होते तोच मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी होता.

पुढचे वेगाने सांगतो. हिंदू कोड बिलातून त्यांनी मुलीला वाटा, बाईला घटस्फोट आणि एकपत्नीत्व आणू पाहिले. ते अडवले गेले तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपद सोडले. बापाच्या मिळकतीत वाटा असलेली मुलगी विकणे अवघड जाते, एवढे साधे गणित त्या बिलात होते आणि म्हणूनच त्याला इतका विरोध झाला असे आम्ही मानतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीचे बाबासाहेबांचे भाषण आपल्या घराघरांत आहे, पण त्यातला एक भाग वाचताना लोक अडखळतात. वीस वर्षांनंतर बाबासाहेब पुन्हा मुंबईतल्या त्याच वस्तीकडे येतात. त्या बायका सकाळी आठला उठतात, हॉटेलच्या पोराला हाक मारून खिमा-पाव मागवतात. आणि माझ्या दुसऱ्या बहिणींना चटणी-भाकरही धड मिळत नाही, तरी त्या इभ्रतीने जगतात, असे ते सांगतात. याच भाषणात केसरीतला ढोरांचा हिशेबही येतो. म्हणजे १९२७, १९३६ आणि १९५६ या तिन्ही टोकांना त्यांनी स्वतःच एका दोरीत बांधले आहे. ते टोचते, पण कष्टकरी बाईच्या बाजूने बोललेले आहे, हे विसरता येत नाही.

त्यांनी आपल्याला दिलेल्या धम्मात मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अंगुत्तर निकायात बुद्धाने उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा म्हणजे माणसांचाही, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. दोष व्यापार करणाऱ्याचा सांगितला आहे, विकल्या जाणाऱ्याचा नाही. वैशालीच्या लिच्छवी राजपुत्रांचे आमंत्रण आधी स्वीकारलेल्या आमंत्रणासाठी बाजूला ठेवून बुद्ध संघासह गणिका आम्रपालीच्या घरी जेवले, आणि पुढे ती भिक्खुणी झाली. आमच्या विहारांत आम्रपालीची कथा सांगताना आवाज मृदू होतो आणि कामाठीपुऱ्याचे नाव निघाले की कठोर होतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईला मान द्यायला काही खर्च येत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराला आळा घालणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कलम २३ ला आलेले हे फळ त्यांना पाहता आले नाही. १९८६ साली या कायद्याचे नाव बदलून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा झाले. कुंटणखाना चालवणारा, बाई पुरवणारा, तिला डांबणारा, तिच्या कमाईवर जगणारा यांना त्यात शिक्षा आहे. पण त्याच कायद्याचे कलम ८ गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईलाही आरोपी करते. शिवाय कमाईवर जगणाऱ्याची व्याख्या अशी की अठरा वर्षे पुरी झालेला, कॉलेजात शिकणारा तिचा मुलगाही तीत अडकू शकतो. धाड पडते तेव्हा बायकांच्या नोंदी भराभर होतात आणि पोर आणून देणारा दलाल कागदावर अनोळखी इसम म्हणून राहतो. २०२० साली मुंबई हायकोर्टाने सांगितले की सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना या स्त्रियांशी सन्मानाने वागण्याचे आदेश दिले आणि पत्त्याच्या पुराव्यावाचून त्यांना आधार कार्ड मिळण्याची वाट मोकळी केली. सन्मान हा शब्द न्यायालयाने संविधानातूनच काढला.

आमच्या मलकापुरात, शाहूवाडी तालुक्याच्या या बाजारपेठेत, कायदेविषयक कार्यक्रमात मानवी तस्करीवर बोलायला आम्ही उभे राहिलो तेव्हा समोर कॉलेजच्या मुली, अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि बचत गटाच्या बायका होत्या. डोंगरी तालुका, भाताची शेती, आणि घराघरांतून एक माणूस मुंबईला. देवदासी आता कुठे, ती प्रथा तर १९७५ च्या गडहिंग्लज परिषदेनंतरच्या चळवळीने आणि २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संपवली, असे एका शिक्षकाने आम्हांला आधीच सांगितले होते. आम्ही कलमे सांगितली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ लागू आहे. त्यात फसवून, आमिष दाखवून शोषणासाठी माणूस आणणारा, नेणारा, ठेवून घेणारा, सगळे आरोपी, आणि पीडितेची संमती होती हा बचाव चालत नाही. कलम १४४ खाली तस्करीने आणलेली आहे हे ठाऊक असून तिचे शोषण करणाराही आरोपी आहे.

यावर बचत गटातल्या एका बाईने विचारले की मुलगी मिळत नाही म्हणून एजंटाला पैसे मोजून परमुलखातून सून आणतात, ते यात बसते का. सभागृहात हसू पिकले आणि लगेच थांबले. कारण असा एजंट पंचक्रोशीत कोणाला माहीत नाही? पश्चिम महाराष्ट्रात लग्नाळू पोरांच्या नावाने हा धंदा उघड चालतो. फसलेल्या नवऱ्याच्या तक्रारीच्या बातम्या होतात. विकत आणलेल्या पोरीची तक्रार कोणी लिहून घेतल्याचे क्वचित वाचायला मिळते. आम्ही सांगितले की लग्न लागले म्हणून व्यापार पुसला जात नाही. तिला फसवून आणले असेल, राबवण्यासाठी आणि भोगण्यासाठी आणले असेल, तर कायदा तिच्या बाजूने आहे, आणि तक्रार तिने स्वतःच केली पाहिजे असे नाही, ज्याला माहीत आहे तो कोणीही पोलिसांत देऊ शकतो. यात आपले लोक मागे नाहीत, हेही आम्ही तिथे बोललो. निळ्या झेंड्याखाली जयंती करणारा बाप पोराच्या लग्नासाठी एजंटाच्या दारात उभा दिसतो.

कार्यक्रम संपल्यावर गळ्यात मणी असलेली एक म्हातारी पुढे आली. पोरीला देवीला सोडली नाही, शाळेत घातली, तिचे लग्न केले, आता वकीलसाहेब माझ्या पोटाचे काय, असा तिचा सवाल होता. दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाकारले तोच हा प्रश्न. शेकडो वाटा आहेत हे सत्तरी ओलांडलेल्या मावशीला सांगता येत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत देवदासींचा समावेश आहे. तिच्यापाशी आधार कार्ड आहे, रेशन कार्डावर नाव आहे. आपण देवदासी असल्याचा कागद मात्र नाही, कारण देवीने कुठल्या वर्षी पोर ताब्यात घेतली याची पावती यल्लम्माच्या डोंगरावर कोणी देत नाही. अंगणवाडीतल्या एका ताईंनी तिथेच अर्ज लिहिला, दोन शेजारणींनी जबाबाखाली अंगठे उठवले, आणि आम्ही तिचे प्रतिज्ञापत्र करून दिले. अर्ज शाहूवाडीच्या तहसील कार्यालयात दाखल आहे.